आप्पा शांत झाले

जिवंत माणसाच्या दारात त्याच्याच नावानं गळा काढून रडलेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि ते रडणं माझ्या तोंडामुळं ओढवलं होतं. हे आधी कबूल केलं, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा झालो.

मी बन्सीधर. गंगाखेडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवर गावांची नावं ओरडायची. तोंड हेच माझं भांडवल, आणि ते मला कधी आवरता आलं नाही. पण हे माझ्याबद्दल नाही. माझ्या शेजारच्या चंद्रभानबद्दल आहे.

चंद्रभानची आणि माझी भिंत एक. तो रेडिओ, टीव्ही, मोटरा असं काय काय दुरुस्त करायचा. अंगानं काटकुळा, बोलणं अगदी मोजकं. कान मात्र असा की ज्याचं नाव ते. बिघडलेली मोटर आली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा. मग हळूच म्हणायचा, "बुश गेलाय." उघडून बघावं तर मोटरीचा दांडा ज्यात फिरतो तो बुशच गेलेला असायचा.

त्याची एक खोड मला कळत नसे. तो कुणाच्या हाती निरोप पाठवत नसे. महातपुरीच्या माणसाचा टीव्ही तयार झाला, तर हा स्वतः सायकल मारत महातपुरीला जाऊन सांगून यायचा. मी चिडायचो. "अरे शहाण्या, माझ्या खिडकीशी दिवसाला चाळीस कंडक्टर येतात. अख्ख्या जिल्ह्याचे निरोप त्यांच्या हाती जातात. बाळंतपणाचे जातात, सोयरिकीचे जातात, मयतीचे जातात. तुझ्या टीव्हीचा एक निरोप जड झाला का त्यांना?"

"न्हाई बन्सीभाऊ," तो म्हणायचा. "निरोप आपला आपुन द्यावा."

हे बोलताना तो माझ्याकडं बघायचा नाही. मला वाटायचं, हट्टी आहे झालं.

ब्याण्णव साली डिशचं खूळ आमच्याकडं पोचलं. चंद्रभाननं गच्चीवर लोखंडी पट्ट्यांची आणि जाळीची मोठी छत्री उभी केली. छत्रीनं पकडलेलं चित्र गल्लीगल्लीत वाटायचं, तर त्याला चार-सहा यंत्रं लागतात. ती त्यानं निम्मी जुन्या सामानातून स्वतः जोडली आणि एका पत्र्याच्या कपाटात एकावर एक मांडली. कपाट नेमकं आमच्या सामाईक भिंतीला लावलं. तीनशे घरांतले टीव्ही त्या एका कपाटावर चालायचे. पण यंत्रं तापायची, आणि तापली की सगळ्या गावात चित्र थरथरायला लागायचं. तसं झालं की लोक दारात येऊन आईमाईवरून शिव्या द्यायचे. म्हणून त्यानं कपाटाला तीन पंखे बसवले. एक मोडक्या कूलरचा, एक जळलेल्या टेबलफॅनचा, तिसरा कुठल्या गिरणीतून काढलेला. तिन्ही वेगवेगळ्या जातीचे, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं.

त्या कपाटाचा आवाज काय सांगू! आधी घरघर. मग मध्येच अडकल्यासारखा एक गचका, आणि पुन्हा लांब फुर्रर्र. माझी पहिली पाळी सकाळी सहा ते दोन. दुपारी घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच भिंतीतून ते सुरू. आणि गंमत अशी, की चंद्रभानचे वडील आप्पाराव अगदी तसेच घोरायचे. तीच घरघर, तोच गचका, तेच फुर्रर्र. मीच एकदा म्हणालो, "चंद्रभान, तुझ्या घरात दोन आप्पा झाले की रे!" झालं. त्या दिवसापासून कपाटाचं नाव आप्पा पडलं. "आज आप्पा लय तापलेत," असं चंद्रभानची बायकोसुद्धा म्हणायची, सासरे बाहेर गेलेले असले म्हणजे.

खरे आप्पा म्हणजे जुना कुणबी गडी. जमीन बटईनं दिलेली, स्वतः बाहेरच्या खोलीत बाजेवर. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला घरातून बोलवायचे. पण एका बाबतीत त्यांच्या तोंडातून अवाक्षर निघत नसे. त्यांची थोरली लेक चांगुणा. ती सोनपेठला दिलेली, तासाभराच्या वाटेवर, आणि पंधरा वर्षांत तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता.

का, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात चंद्रभानची आई पहाटे गेली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव नुकताच झाला होता, आणि त्या रागात गावोगावी दलितांच्या वस्त्या पेटवल्या जात होत्या. एस.टी. बंद. मी स्टँडवर उभ्या गाड्यांच्या सावलीत पत्ते कुटत बसलो होतो, हे सांगायला आज लाज वाटते. आप्पांनी चंद्रभानला सायकलवर सोनपेठला पिटाळलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "दिला निरोप, त्यांच्या गल्लीतल्या माणसापाशी." रात्रभर वाट बघितली, दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत बघितली. चांगुणा आली नाही. माती झाली.

ती आली पाचव्या दिवशी, रडत, पडत. "मला निरोपच भेटला न्हाई," म्हणाली. आप्पांनी सगळ्यांसमोर चंद्रभानला विचारलं, "दिला होतास ना?" तो म्हणाला, "दिला होता." आप्पांनी लेकीला दारातूनच परत लावलं. "गल्लीत निरोप पोचला म्हंजी घरात पोचला. भ्यालीस म्हून आली न्हाईस, अन् वरून खोटं बोलतीस." तेव्हापासून तिचं नाव घरात बंद.

चंद्रभान दर दिवाळीला भाऊबीजेला गुपचूप सोनपेठला जाऊन यायचा. आल्यावर दोन दिवस जेवायचा नाही. एकदा मला म्हणाला होता, "बन्सीभाऊ, आप्पा हायेत तवर अक्काला एकदा ह्या घरात बसलेली बगायचं हाय. मग माजं काय बी होऊ द्या." मला वाटलं, बहिणीची माया. मायाच होती, पण तेवढीच नव्हती.

त्र्याण्णवच्या एप्रिलात ऊन इतकं चढलं की कपाटाचे तिन्ही पंखे दिवसभर जोरात ठेवावे लागले. मी चार दुपारी तळमळत काढल्या आणि पाचव्या दुपारी बनियनवरच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"एकतर तुझ्या आप्पाला शांत कर, नाहीतर मी भिंत पाडतो."

तो ओशाळला. त्याच दिवशी कामाला लागला. मी समोर स्टुलावर बसून सूचना देत होतो, ज्यातलं मला काही कळत नव्हतं. पहिल्यांदा त्यानं पंख्यांना तेल पाजलं. गचका कमी झाला, घरघर तशीच. मग माझं ऐकून कपाटाला आतून गोणपाट लावलं. आवाज गेला, पण अर्ध्या तासात आत भट्टी झाली, गावात चित्र थरथरलं आणि तीन माणसं भांडायला आली. गोणपाट काढलं. "तुमचं ऐकलं की असं हुतंय," एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला. मूठ कानाला लावून पंख्याच्या मोटरीवर टेकवला. ऐकलं. मग पत्र्यावर टेकवला. बराच वेळ ऐकत राहिला. मला म्हणाला, "लावा कान." मी लावला. मोटरीवर नुसती बारीक गुणगुण होती. पत्र्यावर टेकवला तर कानात एस.टी.चं इंजिन सुरू झालं.

"बगा," तो म्हणाला. "पंख्याचा आवाज एवढुसाच हाय. तो पत्र्याला सांगतोय, अन् पत्रा गावाला सांगायलाय. खोड निरोप्याची हाय, पंख्याची न्हाई."

हे बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "वा, काय बोललास!" तर माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

मग त्यानं काय केलं, तर तीन पंखे काढून टाकले आणि कूलरचा एकच मोठा पंखा ठेवला. लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा हळू फिरवला तरी वारा तेवढाच मिळतो, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या एका पात्याला मागून कथिलाचा थेंब चिकटवला, कारण ते पातं हलकं होतं आणि पंखा लंगडत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि पंखा कपाटात चारी बाजूंनी त्या पट्ट्यांवर टांगला. पत्र्याला कुठंच शिवत नव्हता, पाळण्यात ठेवल्यासारखा अधांतरी. कपाटाच्या पायांखालीही ट्यूब घातली. खाली गार हवा यायला फट, वर तापलेली जायला फट. चौथ्या दिवशी चार-साडेचारला त्यानं बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं वीज गेली. मी कपाटावर कागद धरला तर तो वर उडाला. वारा होता, आवाज नव्हता. गल्लीतल्या कोंबड्यांची चाहूल ऐकू यायला लागली, बाहेरच्या खोलीत खरे आप्पा बशीतून चहा ओढत होते तेही ऐकू आलं. चंद्रभानच्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अवं, बंद पडलं का?"

"बंद न्हाई," मी ओरडलो, "आप्पा शांत झाले!"

आत्ता वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल मी काय घोळ करणार होतो ते. माझ्या मात्र आलं नाही. मयताच्या पत्रांत हाच शब्द असतो, स्टँडवर हजार वेळा माझ्याच तोंडातून गेलेला होता. पण आनंद डोक्यात गेला की माझं डोकं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठची सोनपेठ गाडी लागली होती. तिच्यावर दत्तराव कंडक्टर. तोही त्या आवाजाला कंटाळलेला, कारण चंद्रभानकडं चहाला नेहमी यायचा. गाडी हलली, तो दारात उभा, आणि मी खिडकीतून बोंबललो, "दत्तराव, चंद्रभानचे आप्पा शांत झाले रे! काल चारला!"

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "सुटले बिचारे!"

"आम्ही सुटलो!"

आम्ही दोघं हसलो असू, पण तोवर इंजिनाचा आवाज चढला होता. दाराजवळच्या बाकावर कस्तुराबाई बसली होती. सोनपेठची कासारीण, चांगुणाला ओळखणारी, बांगड्यांची पेटी मांडीवर. तिनं आमचं हसू बघितलं नाही. शब्द तेवढे ऐकले.

मी दोनला घरी आलो, जेवलो आणि आडवा झालो. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या भिंतीतून चकार शब्द आला नाही. मी असा झोपलो की काही विचारू नका.

तीनच्या सुमाराला मला जाग आली ती किंकाळीनं. जीप थांबल्याचा आवाज, आणि लगेच गल्लीच्या तोंडापासून बाईमाणसाचा टाहो. आमच्याकडं मयतीच्या घरी येणारी बाई गल्लीत पाय टाकल्यापासून रडायला लागते, आणि रडता रडता गेलेल्या माणसाशी बोलते. मी धोतर सावरत बाहेर आलो. सगळी गल्ली बाहेर आली. चंद्रभानची बायको पिठाच्या हातानं आली, आणि येणारी चांगुणाबाई आहे हे बघून तिला वाटलं सोनपेठलाच कुणी गेलं, म्हणून तिनंही हंबरडा फोडला. कोण गेलं हे कुणालाच ठाऊक नाही आणि दोन बायका रडतायत. मागून चांगुणाबाईचा नवरा टोपी हातात घेऊन मान खाली घालून आला. म्हणजे तोही जिवंत. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख पडलं. मी ओट्यावर मटकन बसलो.

"आप्पा ओऽऽ! माज्या आप्पा ओऽऽ! माय गेली तव्हा निरोप आला न्हाई ओ… तिचं तोंड दिसलं न्हाई ओ… तुमी दारातून लावून दिलं आप्पा… पंधरा वर्सं येस्टीकडं बगत ऱ्हायले ओ… कुनी उतरंल, म्हनंल आप्पानं बोलिवलंय… आता निरोप आला तर बोलिवनाराच गेला ओऽऽ!"

आणि हे सगळं आप्पा ऐकत होते. बाजेवर ताठ बसून, हातात बशी. कपाट शांत होतं ना! आदल्या दिवशीपर्यंत त्या घरघरीत शेजारचं बोललेलं कळत नव्हतं. आता लेकीच्या रडण्यातला शब्द न् शब्द त्यांच्या कानात जात होता. बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला तरी त्यांना भान नव्हतं.

चांगुणाबाई उंबऱ्यात आली, कपाळ बडवायला हात वर केला, आणि समोर बाप बसलेला. हात तसाच वर. मी माणूस असा थिजलेला त्याआधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. मागे उभ्या बायका "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागं सरल्या.

"कोन मेलं?" आप्पांनी विचारलं.

"तुमी," ती म्हणाली.

त्या क्षणी कुणाला हसू येऊ शकलं असतं. कुणालाही आलं नाही.

मी कसाबसा उठून पुढं झालो. "आप्पा, माझी चूक आहे. मी कपाटाबद्दल बोललो होतो. मी—"

"तू गप बस," आप्पा म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीकडंच बघत होते. "मी मेलो म्हणल्यावर पळत आलीस. माय मेली तव्हा का न्हाई?"

"निरोप भेटला न्हाई आप्पा." ती आता रडत नव्हती. थकल्यासारखी बोलत होती. "तव्हा बी हेच सांगितलं. आज बी हेच सांगायलेय."

आप्पांनी मान वळवली. कपाटाच्या खोलीच्या दारात चंद्रभान उभा होता, हातात पक्कड. "दिला होतास ना?" आप्पांनी विचारलं. तेच शब्द, पंधरा वर्षांपूर्वीचे.

माझी नजर त्याच्या हाताकडं होती. पक्कड खाली पडली. फरशीवर केवढा तरी आवाज झाला.

"न्हाई," चंद्रभान म्हणाला. "न्हाई दिला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय बोलला. गल्लीतल्या कुणालाच कळलं नसावं. चंद्रभान! जो निरोप द्यायला दहा-दहा कोस सायकल मारायचा, तो!

"अर्ध्या वाटंवर गेलो होतो. रस्त्याच्या कडंची वस्ती पेटलेली. लोक उसात पळायले होते. लेकरं वरडायली होती. मी सायकल थांबिवली. मान्सं होती, काठ्या, राकेलचे डबे… वळखीची होती आप्पा. आपलीच. एकानं सायकलचा दांडा धरला. म्हनला, तू काय बी बगितलं न्हाईस, घरी जा. मी मागं फिरलो. गावापर्यंत यायला बी भ्यालो. दिस मावळंपर्यंत उसात बसलो. तुमी इचारलं तव्हा वाटलं, निरोप दिला न्हाई म्हनलं तर का दिला न्हाई ते सांगावं लागंल. अन् ते सांगितलं तर नावं सांगावी लागतील."

"कुनाची नावं?" आप्पांचा आवाज मी एवढा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

चंद्रभाननं तीन नावं घेतली. ती मी इथं लिहीत नाही. एक जण त्या आधीच मेला होता. उरलेले दोघं पुढं कितीतरी वर्षं रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊन रामराम घालायचे, आणि तो रामराम परत करताना दर वेळी माझी जीभ जड व्हायची. त्यातला एक आप्पांच्या बाजेवर बसून चहा प्यायचा. आप्पा त्याला भाऊ म्हणायचे.

त्या घरात आवाज म्हणून नव्हता. आणि त्या कपाटानं असा आवाज बंद व्हायला नेमका आदलाच दिवस धरावा, याचा मला रागसुद्धा आला. आधीसारखं घरघरलं असतं तर निम्मं तरी ऐकू आलं नसतं. असलं काहीतरी वेडंवाकडं माणसाच्या मनात येतं.

आप्पांनी बशी खाली ठेवली. बाजेवरून उठले. चांगुणाबाईच्या समोर गेले, पण तिला हात लावला नाही. मला वाटलं माफी मागतात की काय. नाही मागितली.

"रड," म्हणाले.

तिला कळलं नाही.

"मायसाठी ह्या घरात तू रडलीच न्हाईस. मी रडू दिलं न्हाई. इथं निजिवलं होतं तिला." त्यांनी बाजेशेजारची जमीन दाखवली. "बस अन् रड आता."

चांगुणाबाई त्या जागी बसली. पंधरा वर्षांनी आईसाठी रडली. आणि आप्पा, ज्यांनी बायको गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हाताऱ्या आवाजात हुंदके द्यायला लागले. गल्लीतल्या बायका एकेक करून आत गेल्या आणि तिच्याभोवती बसल्या. मी बाहेर आलो. चंद्रभान मागच्या दारी दगडावर बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो.

चांगुणाबाई आठ दिवस राहिली. जाताना आप्पा तिला सोडायला काठी टेकत स्टँडवर आले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत माझ्या खिडकीशी उभे राहिले. तो भाऊ म्हणवणारा चहाला आला तेव्हा आप्पांनी बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. बसायला जागाच नव्हती. तो परत आला नाही.

पण चंद्रभानशी आप्पा बोलायचे थांबले. शिवी नाही, ओरडणं नाही. त्यानं पाणी दिलं तर प्यायचे, मुकाट. एवढा बोलका म्हातारा, आणि पोटच्या पोराशी नऊ महिने एक शब्द नाही. चंद्रभाननं तक्रार केली नाही. "अक्कानं पंधरा वर्सं सोसलं," म्हणायचा. त्याचं एक काम झालं होतं, अक्का घरात बसली होती. आप्पा बोलतील ही आशा त्यानं सोडून दिली होती.

चौऱ्याण्णवची संक्रांत. अठ्ठ्याहत्तरपासून अडलेल्या विद्यापीठाच्या नावाची बातमी त्याच आठवड्यात आली, चंद्रभानच्याच कपाटातून घरोघर गेली. आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ती बातमी लागली असताना त्यांनी हाक मारली, "चंद्रा."

तो धावत गेला. मी तिथंच होतो.

"मी गेलो की सोनपेठला निरोप तू द्यायचा," आप्पा म्हणाले. "सायकलीवर. तिच्या दारात जाऊन."

"देतो," चंद्रभान म्हणाला.

आणखी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. मी धावतपळत स्टँडवरून आलो. "चंद्रभान, सोनपेठची गाडी लागलीय, दत्तराव आहे, तासात पोचेल. तिच्या शेजारी फोन आहे. तुला दोन तास लागतील रे!" तो अंगणात बसून सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्यानं माझं ऐकून घेतलं, हवा पुरी भरली आणि निघाला. मढ्यापाशी आम्ही थांबलो.

वाटेत तो त्या वस्तीत उतरला. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. तिथं दगडाबाई म्हणून एक म्हातारी उन्हाला बसली होती. त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं, प्यायला, आणि अठ्ठ्याहत्तर साली आपण तिथं उभे होतो, काय पाहिलं, कोणाला पाहिलं, ते सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आमाला ठावं हाय बाबा. घरं आमचीच होती."

तो तिथून उठला आणि सोनपेठला गेला. चांगुणाबाई अंगण झाडत होती. तिला वाटलं, भाऊ सहज आलाय. त्यानं सायकल धरूनच सांगितलं, "अक्का, आप्पा गेले. सकाळी. निरोप घेऊन मी आलोय."

"खरंच का रं?" तिनं विचारलं.

"खरंच."

तिनं झाडू खाली ठेवला. त्याच्या हातातून सायकल घेतली, नीट भिंतीला लावली, आणि मग रडायला बसली.